नाणेघाट कोकणातून चढताना : लादलेल्या जनावरांची वाट, पाणी, वेळ आणि चुकण्याच्या जागा

पायरव (धागाकर्ता)

जुन्नरहून घाटघरमार्गे थेट माथ्यापर्यंत रस्ता झाल्यापासून बहुतेक जण नाणेघाट वरूनच बघतात. गाडी लावायची, माथ्यावरच्या दगडी रांजणापाशी फोटो काढायचा, खिंडीत चार पायऱ्या उतरून गुहेत डोकवायचं आणि परत फिरायचं. पण हा घाट खालून वर येणाऱ्यांसाठी घडवलेला आहे. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल जनावरांच्या पाठीवर लादून तांडे इथून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात. पायऱ्या, टाकी, गुहा, रांजण आहेत त्याच जागी का आहेत, हे कोकणातून चढल्यावर आपोआप उलगडतं.

सुरुवात माझ्याकडून, बाकीच्यांनी भर घालावी.

कल्याण–मुरबाड–टोकावडे–वैशाखरे हा माळशेजचा महामार्ग. वैशाखरे गाव मागे पडलं की उजव्या हाताला नाणेघाटाची पाटी येते, तिथे उतरायचं. कल्याण स्थानकाबाहेरून सुटणारी, माळशेजमार्गे जुन्नर, आळेफाटा किंवा नगरला जाणारी कुठलीही एसटी चालते. तिकीट काढतानाच कंडक्टरला ‘नाणेघाट पायथा’ असं सांगून ठेवा, कारण तिथे ठळक असा थांबा नाही. महामार्गापासून माथा साधारण पाच किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या वर. सवय असलेल्याला अडीच तास, नवख्या गटाला साडेतीन ते चार.

दिशा धरायला एकच खूण पुरते: समोर पुढे झुकलेला सुळक्यासारखा कडा दिसतो, तो नानाचा अंगठा. त्याच्या लगत उजवीकडे जी खाच आहे, तीच खिंड. आणखी उजवीकडे जीवधन किल्ला आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. पाटीपाशी उभं राहून हे चित्र डोक्यात पक्कं बसवा. पुढे जंगलात शिरल्यावर अर्धा-पाऊण तास काहीही दिसत नाही.

बसाल्ट

छान धागा. वाट ओळखण्याबद्दल लिहितो, कारण सह्याद्रीत वाट चुकण्याचं मूळ कारण म्हणजे माणसांची वाट आणि जनावरांची वाट यांतला फरक न कळणं.

दोन्ही कुशींना गोण्या लोंबकळत असलेला बैल किंवा तट्टू हात टेकून चढू शकत नाही, अरुंद कपारीतून जाऊ शकत नाही आणि उभ्या चढावर ओझं मागे सरकलं की कोलमडतो. म्हणून अशी वाट चार-पाच फूट रुंद असते, चढ जवळपास एकसारखा ठेवते आणि वळण नेहमी त्यातल्या त्यात सपाट जागी घेते, म्हणजे मागून येणाऱ्या जनावराला थांबायला जागा मिळते. दरीकडच्या बाजूला चुना न वापरता रचलेल्या दगडांची कड असते. कित्येक जागी ती ढासळली आहे, पण तळचे दोन थर गवतात सापडतात. पायऱ्या असतील तर उंचीला कमी आणि खोलीला जास्त, कारण एका पायरीवर खूर नीट टेकला पाहिजे.

यातून नाणेघाटासाठी एक सोपा नियम निघतो. चढताना हात वापरावे लागले, तर वाट चुकली आहे असं समजा. इथे मूळ वाटेवर एकदाही हात टेकावा लागत नाही. फांदीला धरून किंवा ओढ्यातल्या धोंड्यांवरून चढायची वेळ आली की तिथेच थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. ‘वर गेल्यावर मिळेल वाट’ म्हणून रेटू नका. वर कड्याची भिंत आहे, आणि उतरणं चढण्यापेक्षा अवघड होऊन बसतं.

हाच फरक भीमाशंकरला खांडसहून फार स्पष्ट दिसतो. गणेश घाट लांबून, सावकाश जातो. शिडी घाट त्याच डोंगराला सरळ भिडतो. एक ओझ्याचा, दुसरा मोकळ्या माणसाचा.

करवंद

@बसाल्ट, नियम पटला. पण खालच्या जंगलात तर सगळीच वाट सपाट आहे, तिथे हात टेकायचा प्रश्नच येत नाही. आणि लोक चुकतात ते बहुतेक तिथेच. त्या टप्प्याबद्दल कोणी नेमकं सांगेल का? आमच्यात दोन काका साठीच्या पुढचे आहेत, उगाच फिरवायचं नाहीये.

घाटमाथा

करवंद ताई, टप्प्याटप्प्याने सांगतो.

पहिला टप्पा महामार्ग ते चढाची सुरुवात. सागाचं विरळ रान, मध्ये ओढा ओलांडावा लागतो. पावसाळा सोडला तर कोरडा किंवा घोट्याएवढं पाणी. इथे गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटांचं जाळं आहे आणि त्यांतल्या काही मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेल्या आहेत. फसगत होते ती यामुळेच. गुरांची वाट ओळखायची खूण अशी की ती थोडं अंतर जाऊन पसरते, तिला तीन-चार फाटे फुटतात आणि ती कुरणात किंवा पाण्यावर जाऊन संपते. घाटाची वाट पसरत नाही. ओढा ओलांडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत चढ लागला नाही आणि वाट डोंगराला समांतर जाऊ लागली, तर मागे फिरा. दगडांवर, झाडांवर रंगवलेले बाण अधूनमधून आहेत, पण रंग उडतो. बाण दिसला तर खात्री करून घ्यायला वापरा, त्याच्या शोधात फिरू नका.

दुसरा टप्पा जंगलातला चढ. वाट नागमोडी होते, मोठे धोंडे लागतात, पायाखाली सुटे दगड. सावली चांगली. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि दमही इथेच लागतो. काका लोकांना या टप्प्यात पुढे ठेवा. वेग त्यांचा, बाकीचे मागून. चाळीस मिनिटं चाल, पाच मिनिटं उभ्याने विश्रांती. बसलं की पाय आखडतात.

मग पदर. डोंगराच्या कमरेला असलेली ही सपाटी. झाडी विरळ होते आणि अंगठा एकदम डोक्यावर आल्यासारखा दिसतो. पोटात काही घालायचं तर इथे. खिंडीत वाट अरुंद असल्याने तिथे बसून खाणाऱ्या गटामुळे मागच्यांची कोंडी होते.

शेवटचा टप्पा बांधीव वाट आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या. आधी पाण्याची टाकी आणि लहान-मोठी खोदकामं, मग लेख असलेली मोठी गुहा, तिच्यावर दोन कड्यांमधली चिंचोळी नळी, आणि ती संपली की माथ्यावर रांजण. इथे वाट चुकायला वावच नाही. घसरायला मात्र भरपूर आहे. शेकडो वर्षं खूर आणि पाय घासून पायऱ्यांचा मधला भाग गुळगुळीत झालेला आहे. पाय मध्ये न टाकता भिंतीकडच्या कडेला टाका, तिथे दगडाचा खरखरीतपणा शिल्लक आहे. उतरताना तर हे कटाक्षाने पाळा.

करवंद

घाटमाथा दादा, मनापासून आभार. प्रिंट काढून ठेवते.

दवाखाना

वेळ आणि पाणी यावर थोडं.

हा घाट पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन डोंगराच्या पलीकडे असतं, आणि हिवाळ्यात दहा वाजेपर्यंत वाटेचा बराचसा भाग कड्याच्या सावलीत राहतो. दुपारी बारानंतर चित्र उलटं होतं: ऊन थेट घाटावर येतं, कातळ तापतो, वारा पडलेला असतो. त्यामुळे सकाळी सातला पायथा सोडणारा आणि दहाला सोडणारा एकाच दिवशी दोन वेगळे ट्रेक करतात. मार्चनंतर साडेसहालाच निघा, आणि दहापर्यंत पदर गाठला नाही तर परत फिरण्याचं आधीच ठरवून ठेवा. ऐनवेळी गटात मतभेद होतात आणि तेवढ्यात ऊन चढतं.

पाणी डिसेंबर-जानेवारीत माणशी तीन लिटर, मार्चपासून चार ते पाच. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात, आणि माणूस आणखी पाणी पितो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, त्यातून दर अर्ध्या तासाला पाच-सहा घोट. पाकीट अर्ध्या लिटरमध्ये घट्ट कालवू नका, त्याने जुलाब लागू शकतात.

उष्माघाताची धोक्याची खूण म्हणजे वागणं बदलणं. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, तोल जाऊ लागला की ‘थोडं पुढे जाऊन बसू’ चालणार नाही. तिथेच सावली करा, अंगावरचे कपडे सैल करा, मान, काखा आणि जांघांवर पाणी ओतून वारा घाला. अशा वेळी पिण्याचं पाणी अंगावर संपलं तरी चालेल. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. सोबतच १०८ ला फोन.

सर्पदंशाबद्दल: या पट्ट्यात फुरसं सुट्या दगडांखाली असतं आणि पावसाळ्याच्या आगेमागे झाडोऱ्यात चापडा दिसतो. दगडावर बसण्याआधी काठीने आपटा, कपारीत न बघता हात घालू नका. दंश झालाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून आवळायचं नाही. चावलेला पाय काठीला बांधून स्थिर करा, अंगठी-पैंजण काढा आणि माणसाला चालू न देता न्या. अर्ध्याच्या खाली असाल तर मुरबाड, वर असाल तर जुन्नर. दोन्हीकडे ग्रामीण रुग्णालय आहे.

रानवाट

दवाखाना यांनी पाण्याबद्दल लिहिलंय, त्याला जोडून टाक्यांचं. गुहेजवळच्या टाक्यांत हिवाळाभर पाणी असतं, पण सगळी टाकी सारखी नाहीत. उघड्या टाक्यात पालापाचोळा कुजतो, वर येणारे लोक पाय धुतात, माकडं असतातच. कातळात आत खोदलेल्या, सावलीतल्या टाक्यातलं घ्या, फडक्याने गाळा आणि क्लोरीनच्या गोळीसाठी अर्धा तास थांबा. थंड पाण्यात एक तास. टाक्यात बाटली बुडवू नका, दोरी बांधलेला छोटा डबा वापरा. चढताना मात्र टाकी भरली असतील या भरवशावर पाणी कमी घेऊ नका. ती चढाच्या शेवटी आहेत, तहान मधल्या टप्प्यात लागते.

आणखी दोन गोष्टी ज्या कुणी सांगत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर खाजकुयलीच्या शेंगा पिकतात आणि तिची कुसं वाऱ्याबरोबरही अंगावर येतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग धुवा. दुसरं म्हणजे आग्या मोहोळ. नळीच्या दोन्ही कड्यांवर पोळी असू शकतात. अत्तर, डिओ मारून येऊ नका, आरडाओरडा नको, आणि खिंडीत शेकोटी किंवा विडी-सिगारेट तर अजिबात नको. धुराने मोहोळ उठतं आणि त्या चिंचोळ्या जागेत पळायला जागा नाही.

शिळाछाप

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. लोक गुहेत दोन मिनिटं उभं राहून ‘काहीतरी कोरलंय’ म्हणत बाहेर पडतात याचं वाईट वाटतं, म्हणून काय बघायचं ते लिहितो.

डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. सातवाहन काळातला, साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला मानतात. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: एका ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती. हे आकडे अक्षरांत नाहीत, अंकचिन्हांत कोरलेले आहेत, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला मोठं स्थान आहे ते त्यामुळे. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली या गुहेची नोंद केली आणि पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांवर मोलाचं काम केलं.

समोरच्या भिंतीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तिथे राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज फक्त खाली पायांचे अवशेष आणि वर नावं आहेत: सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि श्रीसातकर्णी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि. मूर्ती गेल्या, मथळे उरले. गुडघ्यावर बसून भिंतीचा तळ बघा, पावलांच्या जागा सापडतात.

अक्षरं वाचायची युक्ती: टॉर्च समोरून मारली तर भिंत सपाट दिसते आणि काही कळत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, प्रकाश आडवा सरकेल अशी धरा. खोदलेल्या रेघेच्या एका काठावर सावली पडते आणि ‘क’ची फुली, ‘ग’चं उलटं व्ही, ‘ठ’चं वर्तुळ उठून दिसतं. फोटोही असाच घ्या, दोघांनी मिळून: एकाने टॉर्च, एकाने कॅमेरा.

खडू, पीठ, कोळसा, पाणी यांपैकी काहीही अक्षरांवर लावू नका. भुकटी खाचेत बसते, ओल धरते आणि काठ सुटायला लागतात. हात फिरवू नका, त्वचेचं तेल आणि घाम दगडात मुरतो. आणि कृपा करून गुहेत चूल मांडू नका. काजळी एकदा अक्षरांवर बसली की ती घासून काढताना अक्षरंच जातात. मुक्काम करायचा तर घाटघरात घरगुती सोय होते, पिठलं-भाकरी मिळते आणि चार पैसे गावात राहतात.

पायरव

@शिळाछाप, या प्रतिसादासाठी तरी धागा काढल्याचं सार्थक झालं.

कातळकडा

नाणेघाटाने चढून भोरांड्याच्या दाराने उतरायचा विचार आहे, एका दिवसात. जाणकारांनी मत द्यावं. गट सहा जणांचा, चार जण नवखे.

बसाल्ट

चार नवख्यांना घेऊन नको, असं स्पष्ट सांगतो. भोरांड्याचं दार अंगठ्याच्या पलीकडची उभी नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ आहे. मोठमोठे धोंडे, त्यांच्यामध्ये सुटा मुरूम, आणि आधी लिहिलेला नियम तिथे लागूच होत नाही, कारण ती वाट कधी लादलेल्या जनावरांची नव्हती. नाळेत अपघात होतो तो माणूस पडून कमी आणि वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याला लागून जास्त. सहा जण एका ओळीत उतरत असतील तर दगड थेट ओळीतच येतो. उतरायचंच असेल तर हेल्मेट, दोघादोघांच्या जोड्या, एक जोडी आडोशाला जाऊन ‘या’ म्हणेपर्यंत दुसरीने जागचं हलायचं नाही. अशाने सहा जणांना चार-पाच तास लागतात. आधी नाणेघाटाने चढून आलेल्या गटाकडे डिसेंबरात तेवढा उजेडच उरत नाही.

नवख्यांसाठी दुसरा दिवस हवा असेल तर घाटघरला राहून सकाळी जीवधन करा. तिथेही तुटलेल्या पायऱ्यांचा टप्पा आहे, जोडीला तीस फुटी दोर आणि तो लावता येणारा एक माणूस हवा.

घाटमाथा

बसाल्टना अनुमोदन. नाळ उतरण्याआधी एकदा तरी चढून बघावी.

सर_आली

पावसाळ्यात कसा आहे? उलटा धबधबा बघायचाय.

रानवाट

उलटा धबधबा माथ्यावर दिसतो. कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि पडणारं पाणी परत फेकतो. ते बघायला खालून चढायची गरज नाही, घाटघरच्या बाजूने या. जो वारा पाणी फेकतो तोच माणसालाही ढकलतो आणि झोताच्या मध्ये अचानक पडतोही. वाऱ्यावर रेलून उभ्या राहिलेल्याचा तोल जातो तो तेव्हा. कड्याच्या काठापासून दहा पावलं मागे राहा. काठावरचं गवत पुढे झुकलेलं असतं, त्याच्याखाली जमीन असेलच असं नाही.

खालून जुलै-ऑगस्टमध्ये दोन अडचणी. एक, पायथ्याचा ओढा. सकाळी घोटाभर असलेलं पाणी डोंगरावर जोराची सर पडली की तासाभरात मांडीला लागतं, आणि परतीची वाट तीच. गढूळ झालं, काटक्या वाहू लागल्या की पाय घालू नका. पाणी ओसरेपर्यंत थांबण्याइतकं खाणं आणि कोरडे कपडे जवळ असू द्या. दोन, खिंड स्वतःच पाण्याची वाट होते. पायऱ्यांवरून पाणी आणि वरून दगडही येतात. शिवाय जोराच्या पावसात माळशेज परिसरात प्रशासन पर्यटनबंदीचे आदेश काढतं, निघण्याच्या आदल्या दिवशी ठाणे आणि पुणे दोन्ही जिल्ह्यांचे बघा. पायथा एका जिल्ह्यात आहे, माथा दुसऱ्यात.

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सप्टेंबर अखेरीला हिरवळ सुंदर असते पण पायऱ्यांवरचं शेवाळ वाळलेलं नसतं. दिसायला कोरडं, पाय ठेवला की साबण.

करवंद

काकांचा एक प्रश्न: चढून त्याच वाटेने उतरावं की जुन्नरला जावं?

दवाखाना

गुडघ्यांचा त्रास असेल तर जुन्नर. सहाशे मीटर उतार, तोही समोरून ऊन घेत, चढापेक्षा गुडघ्यांना जड जातो. त्याच वाटेने उतरायचंच असेल तर दोन काठ्या, चढापेक्षा थोड्या लांब केलेल्या, आणि बुटांची नाडी घोट्यापाशी घट्ट, नाहीतर अंगठ्याची नखं काळी पडतात.

घाटमाथा

ताई, हिवाळ्यात त्याच वाटेने उतरणार असाल तर माथा दुपारी तीनला सोडा, फार तर साडेतीन. दोन-अडीच तास लागतात, आणि सहानंतर सागाच्या रानात वाटांचं जाळं उलगडत नाही. टॉर्च प्रत्येकाकडे.

जुन्नरकडे जायचं तर माथ्यावरून घाटघर तासाभराची सपाट चाल. तिथून जुन्नरला एसटी आहे पण फेऱ्या मोजक्या, आणि दुपारनंतरची चुकली तर जीप ठरवावी लागते. शनिवार-रविवारी परतणाऱ्या गाड्या मिळतात, आडवारी त्यावर विसंबू नका. घाटघरात मुक्कामाचं ज्यांच्याशी बोलाल त्यांनाच जीपचंही आदल्या दिवशी विचारून ठेवा. जुन्नरहून कल्याणकडे जाणारी शेवटची गाडी कधी सुटते ते जुन्नर आगारात फोन करून त्याच आठवड्यात विचारा, वेळा बदलत राहतात.